सगळे माझ्याशी शुद्ध मराठीत बोलतात, काय करू?

वाडीतला_ब्रदर

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वसईचा, कुपारी समाजातला. घरी कादोडी (काही जण सामवेदी म्हणतात), शाळेत मराठी. येशूसंघात (कॅथलिक धर्मगुरूंचा संघ, जेझुइट म्हणतात तो) आहे. नॉव्हिशिएट, म्हणजे सुरुवातीची तयारी, झालं, तत्त्वज्ञान झालं, आता थिऑलॉजीला जाण्याआधी दोन वर्षं 'रिजन्सी'. म्हणजे पुस्तकं मिटायची आणि वरिष्ठ सांगतील तिथे जाऊन काम करायचं. साखरपुडा झालेल्या मुलीला लग्नाआधी दोन वर्षं सासरी राहून बघ म्हणावं, तसा प्रकार. मला तलासरी तालुक्यातल्या एका वसतिगृहावर पाठवलंय. पाचवी ते दहावीची बासष्ट मुलं, बहुतेक वारली, थोडे धोडिया आणि कोकणा.

पाठवणी झाली तेव्हा घरी सगळे खूश. आई म्हणाली, जवळच तर आहे. खरंच जवळ आहे. विरारहून डहाणू लोकल, पुढे इकोमध्ये चौदा जणांत पंधरावा. सकाळी निघालो की जेवायच्या वेळेला हजर. बरोबरचा एक जण ईशान्येत गेला, एक गुजरातेत, आणि मी आपल्याच पालघर जिल्ह्यात. मनात म्हटलं, आपलं काम सोपं.

दिवस असा जातो. पहाटे पाचला घंटा. मुलं अर्धी झोपेत मोरीवर. साडेसहाला मिस्सा (चर्चमधली उपासना), मग नाश्ता, मग शाळा. मी आठवी-नववीला गणित शिकवतो. दुपारी हिशेब: तांदूळ किती आला, डाळ किती उरली, गॅस कधी संपेल. संध्याकाळी खेळ, अभ्यासिका, जेवण, प्रार्थना, साडेनऊला दिवे बंद. हे कागदावर. प्रत्यक्षात अर्धा दिवस पाण्याच्या मोटारीपाशी. मोटार एअर धरते, मग पंपात पाणी ओतत बसायचं. दुसरं मोठं काम खरूज. एकाला झाली की आठवड्यात वीस जणांना. गंधकाचं मलम लावायचं, चादरी उकळायच्या, आणि पावसात त्या वाळवायच्या कुठे? व्हरांड्यात दोऱ्या बांधल्यात, वाकूनच चालावं लागतं.

आल्यावर चौथ्या रात्री हादरा बसला. इथे २०१८ च्या नोव्हेंबरपासून अधूनमधून जमीन हलते, हे पेपरात वाचलं होतं. पेपरात वाचणं वेगळं. मोठा गुरगुराट झाला, खाट सरकली, आणि मी, बासष्ट मुलांची जबाबदारी असलेला माणूस, टेबलाखाली घुसलो. बाहेर आलो तर सगळी मुलं अंगणात ओळीने बसलेली. दहावीतल्या एकाने मोजदाद पूर्ण केलेली: "बासष्ट, ब्रदर. तुम्ही धरून त्रेसष्ट." खिडकीत त्यांनी एकावर एक दोन स्टीलचे पेले ठेवलेले असतात. पेले वाजले की उठायचं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. तीन आठवडे मी पाड्यांवर जातोय, मुलांच्या घरी. माणसं उठून उभी राहतात. खाट टाकतात, वर गोधडी अंथरतात, पाणी देतात. आणि माझ्याशी मराठीत बोलतात. "मुलगा बरा आहे का? अभ्यास करतो का? पाऊस बरा आहे." तीन वाक्यं. मग सगळे गप्प. मी उठलो आणि कुडाच्या भिंतीपलीकडे गेलो, की मागे एकदम बोलणं सुरू होतं. हसणंही. भरभर, वारलीत. मला अर्धंमुर्धं कळतं, पण मी आत असताना ते कधीच सुरू होत नाही.

वारली शिकायचं म्हणून मुलांच्या मागे लागलो तर मुलं लाजतात. वर्गात वारली बोलल्याबद्दल कुठे ना कुठे ओरडा खाल्लेली मुलं आहेत, ती मला कशाला शिकवतील?

इथल्या कुणी असं अनोळखी ठिकाणी जाऊन काम केलंय का? सुरुवात कशी केलीत? उपदेश नको, तो माझ्याकडे भरपूर आहे. अनुभव हवेत.

---

गवती_चहा

अरे वा. तुमच्या धाग्यावर मी पहिला प्रतिसाद देतेय, हे आमच्या जुन्या मंडळींना कळलं तर भुवया वर जातील. मी सांगलीची. नव्वदच्या दशकात विवेकानंद केंद्राच्या अरुणाचलातल्या एका शाळेत चार वर्षं शिकवायला होते. (एकनाथजी रानड्यांनी १९७२ साली केंद्र सुरू केलं, अरुणाचलातल्या शाळा १९७७ पासूनच्या.) आम्हाला कुणी 'मिशनरी' म्हटलं की आम्ही चिडायचो. आणि तुमचा दिनक्रम वाचून हसू आलं, कारण पहाटेची घंटा, प्रार्थना, तांदळाचा हिशेब आणि खरूज, सगळं तेच.

मी पक्की शाकाहारी. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीच्या घरी बोलावणं आलं. घराच्या मधोमध चूल, वर टांगलेली फळी, त्यावर धुरात वाळणारं मांस. आजीने त्यातला एक तुकडा कापला, बांबूच्या कोंबाबरोबर शिजवला आणि पहिला वाडगा मला. मी काय केलं असेल? पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. आजीने लगेच कसलासा कडू पाला उकळून दिला आणि मी तो संपवेपर्यंत समोर बसून राहिली. नंतर दोन वर्षं त्या घरात माझी ओळख 'पोटाची बाई'. खोटं बोलले नसते तर कदाचित नुसती 'बाई' राहिले असते. दुसऱ्या वेळी सरळ सांगितलं, मी मांस खात नाही. आजी म्हणाली, मग आधी का नाही बोललीस, आणि माझ्यासाठी वेगळी भाजी उकडली. मीठ आणि आलं, एवढंच. अजून तोंडात चव आहे.

भाषेचं म्हणाल तर आमच्याकडे एका शाळेत चार-पाच जमातींची मुलं, त्यामुळे सगळ्यांची हिंदी. तीही त्यांची, आपली पुस्तकी नव्हे. माझी हिंदी ऐकून मुलं म्हणायची, मॅडम रेडिओसारखं बोलतात. तुमचं मराठीचं तसंच होत असणार. तुम्ही रेडिओ आहात. लोक रेडिओशी गप्पा मारत नाहीत, ऐकतात आणि बंद करतात.

---

सरळ_सवाल

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हॉस्टेल, गणित, खरूज सगळं ठीक. पण मिशन म्हटलं की शेवटी धर्मांतर आलंच. ते का लिहिलं नाहीत?

---

वाडीतला_ब्रदर

@सरळ_सवाल, राग नाही. हा प्रश्न येणार हे माहीत होतं.

इथे काही घरं तीन पिढ्या ख्रिस्ती आहेत, बहुतेक घरं नाहीत. माझ्या बासष्टांपैकी बरीच मुलं सुट्टीत घरी जातात तेव्हा हिरवा देवाला आणि वाघदेवाला नारळ फुटतो, त्या प्रसादाचं खोबरं मुलं परत येताना माझ्यासाठी आणतात. मी खातो. मला कुणाला ख्रिस्ती करण्याचा आकडा दिलेला नाही, गणिताचा निकाल मात्र विचारला जाणार आहे. पण 'माझ्या श्रद्धेचा आणि माझ्या इथे असण्याचा संबंध नाही' असं लिहिलं तर ते खोटं होईल. श्रद्धा नसती तर मी आज कुठल्या तरी कंपनीत असतो आणि रविवारी घरी इंद्याल-फुगे खात असतो.

ज्यांना संशय आहे त्यांचा संशय एका प्रतिसादाने जाणार नाही, तो जावा असा हट्टही नाही.

---

सरळ_सवाल

उत्तर सरळ दिलंत, त्याबद्दल आभार. पटलं असं नाही. हॉस्टेल, शाळा, जेवण ज्याच्या हातात, त्याच्या श्रद्धेला वजन येतंच. मुलांनी खोबरं आणलं हे गोड आहे, पण तराजू सपाट नाही एवढं लक्षात ठेवा.

---

वाडीतला_ब्रदर

हे मात्र खरं आहे. लक्षात ठेवतो.

---

प्रशासक

धागा 'नवीन ठिकाणी रुळण्या'वर आहे. धर्मांतरावर वेगळे धागे आहेत (बरेच आहेत, आणि त्यातले निम्मे कुलूपबंद आहेत). इथे विषयाला धरून लिहावे.

---

प्रोव्होचा_पाहुणा

मी युटा राज्यात प्रोव्होला राहतो, म्हणजे मिशनरींच्या कारखान्याच्या दारातच. मॉर्मन चर्चचं मोठं प्रशिक्षण केंद्र इथे आहे. मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं, मुलगी गेली तर दीड वर्ष. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. पत्र येतं, सगळं घर जमवून ते उघडतात, आपल्याकडे बारावीचा निकाल उघडतात तसं. शेजारच्या पोराला फिलिपिन्स निघालं. त्याने आयुष्यात भात आठवड्यातून दोनदासुद्धा खाल्ला नव्हता. तिकडून लिहितो, तीन वेळा भात.

आम्ही इथे आलो त्या वर्षी जानेवारीत आमच्या दारावर दोघे आले. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, गुडघ्यापर्यंत बर्फ. त्यांना धर्मावर बोलायचं होतं, मला माझी गाडी बर्फातून काढायची होती. बोलता बोलता त्यांनी फावडं घेतलं आणि वाट मोकळी केली. बायकोने आलं घालून चहा टाकला. त्यांनी बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य! आपला सगळा पाहुणचार चहावर उभा, तो एका मिनिटात कोसळला. शेवटी पोहे दिले. एकाने कढीपत्त्याची पानं प्रामाणिकपणे चावून गिळली.

मुद्दा असा की त्यांच्यात कुणी एकटं नसतं. कायम जोडी. झोपायची खोली एक, बाहेर पडायचं ते बरोबर. दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात, कधी जोडीदार बदलतो, कधी गाव. आठवड्यात एक दिवस कपडे धुवायला, बाजारहाटाला. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डेला. आता दर आठवड्याला करता येतो. त्यातला आयडाहोचा मुलगा म्हणाला, जोडीदाराशी माझं अजिबात पटत नाही, पण रात्री कुणीतरी घोरतंय हे बरं वाटतं.

तुमच्या खोलीत घोरणारं कोण आहे?

---

वाडीतला_ब्रदर

@प्रोव्होचा_पाहुणा, मोठे फादर आहेत, पण ते पलीकडच्या इमारतीत, आणि त्यांचं घोरणं तिथून इकडे येतंच. त्यांना इथे पस्तीस वर्षं झाली. वारली फर्डी बोलतात. मी विचारलं, कसं शिकलात? म्हणाले, "त्या वेळी मोटार नव्हती. विहिरीवर जायचो." बस्स. पुढे काही सांगत नाहीत. मलाही आता मोटारीचा राग यायला लागलाय.

@गवती_चहा ताई, रेडिओ! आमच्या मुलांना सांगितलं, आता ते मला पाहून कानाला हात लावून स्टेशन पकडल्यासारखं करतात.

---

नगरची_लेक

ब्रदर, मी प्रोटेस्टंट, अहमदनगरची, निवृत्त शिक्षिका. तुमच्या-आमच्यात पूर्वी फार सख्य नव्हतं, पण आता वय झालं, भांडायला दम नाही.

आमची पणजी 'बायबल-बाई' होती. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं, त्याच मिशनची. घरात सांगत, गोऱ्या मडमा व्याकरण घोकून मराठी शिकायच्या आणि आमची पणजी त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडायची. मडम बोलायची ते बायकांना कळायचं नाही, मग पणजी तेच पुन्हा सांगायची, पण जात्यावर बसून, बायकांबरोबर दळता दळता. मडमेच्या नावावर अहवाल जायचा. पणजीच्या नावाचं पान मी अजून शोधतेय.

आणि तुमच्याच संघातला दाखला देते, म्हणजे पक्षपात नको. फादर स्टीफन्स, इंग्लंडचे, १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचं मराठीतलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ मध्ये. मधली वर्षं मोजा: सदतीस. तुमचे किती झाले? तीन आठवडे. शांतपणे मोटार दुरुस्त करा.

---

कणगी

मी वारली. तलासरीचाच, आता पालघरला नोकरीला. असल्याच एका हॉस्टेलला सहावी ते दहावी होतो, कुठल्या ते सांगत नाही. मजा वाटली वाचून, म्हणून लॉगिन शोधून काढलं.

ब्रदर, भिंतीमागे कशाला हसतात ते सांगू? तुम्ही खाटेवर बसता ना, ती बहुतेक वेळा घरातली एकच असते. तुम्ही आलात की म्हातारी खाली उतरते. तुम्ही गेलात की ती म्हणते, "गेला का तो? माझी कंबर गेली." आणि सगळे हसतात. तुमच्याबद्दल वाईट काही नाही. खाली बसा की.

दुसरं. आमच्याकडे शुद्ध मराठी बोलत कोण आलं आजवर? तलाठी. फॉरेस्टचा गार्ड. सावकाराचा माणूस. माझा आजोबा १९४५ ला झरीच्या सभेला होता, गोदाराणीच्या (म्हणजे गोदावरी परुळेकर). २३ मे. तिथून वेठबिगार बंद झाली. आजोबा सांगायचा, त्याआधी दारात मराठी ऐकली की बाप मागच्या दाराने रानात. गोदाराणीपण मराठीच बोलायची, पण ती पाड्यावर राहिली, आमच्यात जेवली, आमच्यात झोपली. म्हणून चाललं. तुमची मराठी ऐकून म्हाताऱ्या माणसाचं अंग आपोआप ताठ होतं, त्यात तुमचा दोष नाही. पण तुम्हाला माहीत असावं.

तिसरं. आमच्याकडे जो येतो तो शिकवायलाच येतो. मिशनवाले शिकवतात, लाल बावटावाले शिकवतात, आश्रमशाळा शिकवते, कल्याण आश्रम शिकवतो, एनजीओवाली पोरगी येऊन हात कसे धुवायचे ते शिकवते. शहरातले चित्र शिकायला येतात, ते तेवढे आमच्याकडून काही घेऊन जातात, आणि मग त्याचे कुर्ते विकतात. (चौक, म्हणजे लग्नातलं भिंतीवरचं चित्र, लिहायचा हक्क सवाशिणींचा, हे कुर्त्यावर छापत नाहीत.) ज्याला काही येत नाही असा माणूस आमच्याकडे कधी आलाच नाही. तुम्हाला काय येत नाही ते आधी दाखवा.

---

वाडीतला_ब्रदर

@कणगी, दादा, तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. खाटेचं कळल्यावर लाज वाटली. कालपासून खाली बसतोय.

आणि 'काय येत नाही ते दाखवा' हे तुम्ही लिहायच्या आधीच मी जंगी दाखवून ठेवलंय. सांगतोच.

मागच्या शनिवारी स्वयंपाकाच्या मावशी सुट्टीवर. बाजारात एक बाई शेवळं घेऊन बसली होती. पहिल्या पावसाची भाजी, आमच्या वसईतही येते, आई करते. मी मोठ्या ऐटीत चाळीस जुड्या घेतल्या. बाई पिशवीत अजून काहीतरी हिरवं घालायला लागली आणि वारलीत भराभर बोलली. मला कळलं फक्त 'काकडां'. मी म्हटलं, "काकडी नको, मावशी. काकडी आहे हॉस्टेलला." ती परत बोलली, जरा जोरात. मी परत हसून मान हलवली आणि निघालो.

घरी येऊन निवडली, कांदा, वाटण, सुकट घालून झकास केली. मुलांना वाढली, स्वतः घेतली. तिसऱ्या घासाला घशात हजार सुया. बासष्ट मुलं, एकदम, हाऽऽ करत नळावर. मोटार अर्थातच बंद. दहावीतला तो मोजदाद करणारा मुलगा डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, "ब्रदर, काकडां नाही घातलीत?"

काकडं म्हणजे काकड नावाच्या झाडाची आंबट फळं. त्याशिवाय शेवळं खाजतात. आई दरवर्षी घालते. मी दरवर्षी खातो. ती काय घालते ते पंचवीस वर्षांत एकदा बघितलं नव्हतं.

चिंच-गूळ देऊन प्रकरण निस्तरलं. पण रात्री प्रार्थनेनंतर मुलं झोपेचनात, खुसखुस चालूच. एकाने माझी नक्कल केली: "काकडी नको, मावशी." आणि दुसऱ्याने वारलीत बाईचं उत्तर दिलं. मी दारात उभा आहे हे दिसलं तरी थांबले नाहीत. मी विचारलं, ती काय म्हणाली होती नक्की? तर चौघांनी मिळून मला ते वाक्य पाठ करून घेतलं, माझे उच्चार ऐकून उशीत तोंडं घालून हसले, आणि साडेदहाला दिवे बंद झाले. तास उशीर. तीन आठवड्यांत वारलीचा पहिला तास तो.

पुढच्या बाजाराला गेलो. बाईने लांबूनच बघितलं, शेजारणीला कोपर मारलं. मी समोर जाऊन उकिडवा बसलो आणि 'नांग' एवढंच म्हणून घसा दाखवला. ('नांग' म्हणजे बघ. पहिला शब्द हाच शिकलो.) ती इतकी हसली की सूप उलटलं. ओंजळभर काकडं फुकट दिली. आता तालुक्यात माझं नाव काय पडलंय ते तुम्हीच ओळखा.

---

कणगी

😂 काकडीब्रदर. मला कालच भावाचा फोन आला होता, "तुमच्या हॉस्टेलला काकडीब्रदर आलाय म्हणे." तो तुम्हीच का!

---

गवती_चहा

पोटाच्या बाईकडून काकडीब्रदरना शुभेच्छा.

---

नगरची_लेक

सदतीस वर्षांतले तीन आठवडे वजा.

---

सरळ_सवाल

शेवळं आमच्याकडे बोंडाऱ्याचा पाला घालून करतात. काकडं नसली तर तो चालतो. (माझं बाकीचं मत कायम आहे.)

---

वाडीतला_ब्रदर

दोन आठवड्यांनी येतोय. मोटार दुरुस्त झाली, परत बिघडली. खरूज सातवर आली. सध्या भाताची आवणी (लावणी) जोरात, वर्गात निम्मे बाक रिकामे. हजेरीवर मोठे फादर काही बोलत नाहीत. म्हणतात, भात लागला नाही तर दिवाळीनंतर आख्खं घरच वीटभट्टीवर जाईल, मग मुलगा कायमचा गैरहजर.

काल एका पाड्यावर गेलो होतो. त्या मोजदादवाल्या मुलाचं घर. घरी म्हातारे आजोबा एकटेच, बाकी सगळे शेतात. मी ओट्यावर खाली बसलो. त्यांनी विचारलं, गाव कुठलं? मी म्हटलं, वसई. वसईत कुठे? मी आमच्या भागाचं नाव घेतलं, नंदाखालच्या अलीकडे.

आजोबांनी माझ्याकडे नीट बघितलं. आणि मला विचारलं, जेवलास का. कादोडीत.

मला आधी कळलंच नाही काय झालं ते. कान ओळखतो आणि डोकं मागे राहतं, तसं. हेल आमचा. माझ्या आजीचा. घर सोडून मला सहा वर्षं झाली, संघात कुणाशी मी ही बोली बोलत नाही, फोनवर आईशी तेवढी. आणि इथे कुडाच्या भिंतीला टेकून एक वारली आजोबा मला त्या बोलीत जेवलास का विचारतायत.

ते तरुणपणी सात-आठ हंगाम आमच्याकडच्या वाड्यांत होते. केळीला पाणी लावायचं, पानवेल बांधायची, फुलं खुडायची. कुठली विहीर गोडी, कुठली मचूळ, सगळं पाठ. चर्चच्या मागच्या विहिरीवरचा रहाट अजून आहे का, विचारलं. नाही, कधीच गेला, तिथे आता बिल्डिंग आहे. ते बराच वेळ गप्प बसले. मग हसून म्हणाले, त्या रहाटाच्या बैलाला पण कादोडीच कळायची.

मी रात्री आईला फोन केला. आपल्या वाडीत तिकडची माणसं कामाला यायची ना? हो, यायची, आई म्हणाली, पावसाळा संपला की. कोण कोण यायचं? ती आठवायला लागली. "लक्ष्या होता एक. म्हणजे बाबा सगळ्यांनाच लक्ष्या म्हणायचे." मग तीच थांबली. मी विचारलं, त्यांच्याशी आपण कुठल्या भाषेत बोलायचो? म्हणाली, आपल्याच, दुसरी कुठली येत होती आपल्याला?

माझी आजी लॅटिनमधला मिस्सा ऐकत मोठी झाली. कळत एक अक्षर नव्हतं, पण उत्तरं सगळी तोंडपाठ. ती गोष्ट मी नॉव्हिशिएटमध्ये किती वेळा सांगितली असेल, लोकांच्या भाषेत बोललं पाहिजे या मुद्द्यासाठी. त्याच घराच्या मागच्या वाडीत हा माणूस पाणी लावत होता, हे त्या गोष्टीत कधी आलं नाही.

आजोबांचं नाव लक्ष्या नाही. खरं नाव विचारून घेतलंय, इथे लिहीत नाही.

निघताना म्हणाले, उद्या आमची आवणी आहे, सहाला ये. मी म्हटलं, मला येत नाही. म्हणाले, माहीत आहे, सगळ्या तालुक्याला माहीत आहे. आणि येताना इरलं घेऊन ये, आमच्याकडे जास्तीचं नाही.

@कणगी दादा, इरलं कुठून आणू? माझ्याकडे आईने दिलेला रेनकोट आहे. तो चालेल का?

---

कणगी

रेनकोटात वाकून बघा एकदा. आत घामाने भिजाल, बाहेर पावसाने. इरलं आता फार कुणी विणत नाही, हॉस्टेलच्या मावशींना विचारा, माळ्यावर एखादं सापडेल. नाहीतर बाजारात निळा प्लास्टिकचा कागद मिळतो, दोन मीटर घ्या, डोक्यावरून घेऊन कमरेला सुतळीने बांधा. पायात काही घालू नका, चिखलात राहतं. मूठ धरताना तीन बोटं, रोप उभं लावा, आडवं नको. बायका हसतील.

आणि ब्रदर, दुपारचं जेवण शेतावरच असतं. आणलंय म्हणून घरचा डबा उघडू नका.

---

वाडीतला_ब्रदर

मावशींकडे सापडलं. उंदराने एका बाजूने खाल्लंय, पण डोकं झाकतं. पावणेपाच झालेत, घंटेआधी निघतो.